अमेरिकेतली फार्मसी रेसिडेन्सी : ठाणे-नवी मुंबईतून अर्ज करताना

रेसिडेन्सी म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात काम करत घ्यायचं प्रशिक्षण. तिचा फॉर्म उघडण्याआधी आपली पदवी किती वर्षांची ते बघा. २००३पासून पुढे पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टला एफपीजीईसी प्रमाणपत्रासाठी (अमेरिकेत परवान्याकडे जाण्याआधी परदेशी पदवीधराला लागणारं) किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. बी.फार्म. चार वर्षांचं, म्हणजे गाडी तिथेच अडते. सहा वर्षांची फार्म.डी. या अटीत बसते. त्यावर एफपीजीईई ही फार्मसीची परीक्षा आणि टोफेल ही इंग्रजीची. परवान्याची वाट मोकळी नसलेला अर्ज बहुतेक ठिकाणी वाचलाच जात नाही. व्हिसासाठी पाठबळ न देणारे प्रोग्रॅमही बरेच आहेत. प्रत्येकाच्या माहितीपानावर हे लिहिलेलं असतं; यादी आधी त्यावरून गाळा, मग शहर आणि हॉस्पिटल बघा.

खाती दोन उघडायची. फॉरकॅस या रेसिडेन्सी अर्जांच्या सामायिक संकेतस्थळावर अर्ज, आणि नॅशनल मॅचिंग सर्व्हिसेस या संस्थेकडे मॅचची, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीक्रमांवरून जागा ठरवणाऱ्या पद्धतीची, नोंदणी. एकीकडे पैसे भरले की दुसरीकडचं आपोआप होतं, असा समज पुष्कळांचा असतो. तसं होत नाही.

नाव पासपोर्टवर आहे तसंच सगळीकडे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर मधे वडिलांचं; या गोंधळात कागद जुळत नाहीत आणि आठवडे जातात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा हाताशी ठेवा. मुंबई विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) कालिन्याला सप्टेंबरातच अर्ज टाका. दिवाळीच्या सुट्टीत काही हलत नाही.

खरी गळती रेफरन्समध्ये, म्हणजे शिफारशींमध्ये होते. साधारण तीन लागतात. फॉरकॅस शिफारस देणाऱ्यांना ईमेल पाठवतं आणि ती हमखास स्पॅममध्ये सापडते. शिवाय नुसतं पत्र पुरत नाही. संवाद, वेळेचं नियोजन, रुग्णांशी वागणं अशा मुद्द्यांवर मत नोंदवायचा ठरावीक फॉर्म असतो. ‘विद्यार्थी कष्टाळू व नम्र आहे’ या आपल्याकडच्या छापील शिफारशीला तिथे किंमत नाही. प्राचार्यांच्या सहीपेक्षा वॉर्डात तुमचं काम रोज पाहिलेले प्रिसेप्टर, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकवणारे मार्गदर्शक, बरे. सरांना-मॅडमना एक पानभर टिपण द्या: कोणत्या वॉर्डात किती आठवडे, कोणता ड्रग इंटरॅक्शन (दोन औषधांचा एकमेकांवर होणारा परिणाम) पकडला, डॉक्टरांनी डोस बदलला का. फॉर्म कसा दिसतो तेही आधी दाखवून ठेवा. शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी विनंती जायला हवी.

सीव्हीत फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती नको. तो बायोडेटा नव्हे. लेटर ऑफ इन्टेन्ट, म्हणजे हाच प्रोग्रॅम का हवा ते सांगणारं पत्र, प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळं, एका पानात. जुन्या पत्रात दुसऱ्या हॉस्पिटलचं नाव राहून जातं, आणि सबमिट केल्यावर पत्र बदलता येत नाही. पीडीएफ मोठ्याने वाचा, मगच चढवा.

अर्जाच्या मुदती बहुधा डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार. तिथले रात्रीचे ११.५९ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशी सकाळचे १०.२९. तरी दोन दिवस हाताशी ठेवा. कार्डावरचा आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असल्याचं नेमकं शेवटच्या रात्री कळतं.

मुलाखतीनंतर पसंतीची यादी मॅचच्या खात्यात भरायची. ‘ते मला घेतील का’ या हिशेबाने क्रम लावू नका. मनातला पहिला तोच पहिला. वरचा हुकला म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. मात्र मॅच बंधनकारक असते, म्हणजे जागा लागली की तिथे जावंच लागतं. जिथे जायचंच नाही ते नाव यादीत घालू नका. मार्चमध्ये पहिल्या फेरीचा निकाल लागतो. जागा न मिळालेल्यांना उरलेल्या जागांसाठी दुसरी फेरी असते.