परदेशी पाहुणे साताऱ्याला येणार? व्हिसाच्या या चुका टाळा

कासच्या फुलांचा हंगाम जवळ आला की यवतेश्वर घाटातल्या आमच्या होमस्टेला परदेशातून मेल यायला लागतात. खोली केवढी, जेवण कसलं, साताऱ्याहून गाडी मिळेल का, हे सगळं विचारतात. व्हिसाबद्दल मात्र कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही, कारण ‘तो त्यांचा विषय’ असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरून चाललो होतो.

मग एका सप्टेंबरात जर्मनीहून येणाऱ्या एका जोडप्याला तिकडच्या विमानतळावर चेक-इन काउंटरवरच थांबवलं. त्यांनी मला दोन फोटो पाठवले, एक पासपोर्टचा आणि एक व्हिसाच्या कागदाचा. मी दोन्ही मोठे करून एकेक अक्षर जुळवलं. पासपोर्ट नंबरात जिथं शून्य होतं, तिथं व्हिसावर इंग्रजी ‘ओ’ पडला होता. जर्मन पासपोर्टच्या नंबरात ‘ओ’ हे अक्षर वापरतच नाहीत, ते शून्यच असतं. एवढ्याशा गोलापायी अर्ज नव्यानं करावा लागला, फी पुन्हा भरावी लागली आणि चार दिवस गेले. कासचं बुकिंग तर बुडालंच. तेव्हापासून मी प्रत्येक पाहुण्याकडून व्हिसा मंजुरीचा कागद आधी मागवून घेतो. खोलीच्या ॲडव्हान्सपेक्षा मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

कागद तपासताना नंबराखालोखाल नाव आणि जन्मतारीख बघा. पासपोर्टच्या पानावर तळाला बाणांच्या खुणांची दोन ओळींची पट्टी असते. तिथं आधी आडनाव आणि मग दिलेली नावं येतात. मधलं नाव अर्जात गाळलं, आडनाव पुढंमागं झालं, की अडचण आलीच. अमेरिकेतले लोक तारखेत महिना आधी लिहितात, आपल्या फॉर्मात दिवस आधी येतो. पाच मार्चचं तीन मे व्हायला वेळ लागत नाही.

फी भरताना

ऑनलाइन व्हिसाच्या सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असतं. शोधायला गेलं की हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी साइट आधी येतात आणि मूळ फीच्या कितीतरी पट पैसे घेतात. म्हणून बुकिंग पक्कं करतानाच पाहुण्याला सरकारी साइटची लिंक तुम्हीच पाठवा.

बऱ्याच देशांच्या नागरिकांना 30 दिवसांचा ई-टुरिस्ट व्हिसा, म्हणजे ऑनलाइन मिळणारा पर्यटक व्हिसा, एप्रिल ते जून 10 डॉलरला आणि जुलै ते मार्च 25 डॉलरला मिळतो. एका वर्षाचा 40 आणि पाच वर्षांचा 80 डॉलर. बँकेचा चार्ज वेगळा. देशाप्रमाणे आकडे बदलतात, म्हणून साइटवरची देशवार यादी पैसे भरण्याच्या दिवशीच बघायला सांगा. गेल्या वर्षी आलेल्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये. अर्ज नामंजूर झाला तरी भरलेली फी परत मिळत नाही.

तारखांचा घोळ

सगळ्यात जास्त गैरसमज इथंच होतो. 30 दिवसांच्या व्हिसावर छापलेली शेवटची तारीख ही भारतात शिरण्याची मुदत असते, राहण्याची नव्हे. राहण्याचे 30 दिवस आल्या दिवसापासून मोजतात. एका वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या व्हिसाचं उलटं आहे, त्यांची मुदत मंजुरीच्या तारखेपासूनच चालू होते. हा फरक माहीत नसला की पाहुणा उगाच घाबरून प्रतापगड न बघताच परत फिरतो, नाहीतर निर्धास्तपणे जास्त राहतो. जास्त राहणं महागात पडतं: 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्टमध्ये मुदत संपून राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, 3 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. ई-व्हिसाची मुदत इथं आल्यावर वाढवून मिळेल, या भरवशावर कुणी राहू नये.

अर्ज कमीत कमी चार दिवस आधी करायचा असतो. पण 30 दिवसांच्या व्हिसासाठी फार लवकरही करता येत नाही, येण्याच्या तारखेआधी 30 दिवसांतच तो स्वीकारतात. पासपोर्टची मुदत आल्या दिवसापासून सहा महिने शिल्लक हवी आणि शिक्क्यांसाठी दोन पानं कोरी हवीत.

अरायव्हल कार्ड

1 ऑक्टोबर 2025 पासून ई-अरायव्हल कार्ड, म्हणजे परदेशी पाहुण्यानं भारतात येताना भरायचा ऑनलाइन फॉर्म, सुरू झालंय. पोचण्याआधीच्या 72 तासांत ते ऑनलाइन भरायचं. त्याला पैसे पडत नाहीत. कुणी मागितले तर ती साइट खोटी समजा. त्यात भारतातला पत्ता विचारतात आणि आपण पाहुण्याला ‘साताऱ्यात उतरा, फोन करा’ एवढंच सांगितलेलं असतं. घराचं नाव, गाव, तालुका, पिनकोड आणि मोबाइल नंबर इंग्रजीत लिहून बुकिंगच्याच मेलमध्ये टाका.

घरचीच माणसं असली तरी

अमेरिकेत जन्मलेलं नातवंड आजीकडे येतंय म्हणून व्हिसा लागणार नाही, असं समजणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पासपोर्ट परदेशी असेल आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड) नसेल, तर तान्ह्या बाळालाही स्वतंत्र व्हिसा लागतो. आईवडिलांच्या व्हिसावर ते चालत नाही.

आता आपल्या बाजूचं काम. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते. आजवर सगळे त्याला ‘सी फॉर्म’ म्हणत आले. हे फक्त लॉजवाल्यांनाच आहे असं नाही, होमस्टे आणि घरगुती मुक्कामालाही लागू आहे. त्यासाठी आधी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून नोंदणी होऊन लॉगिन मिळवावं लागतं. हे पाहुणा दारात उभा असताना जमत नाही, हंगामाच्या आधीच उरका. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाचा फोटो चहा देतानाच काढून घ्यावा. दुसऱ्या दिवशी ही मंडळी पहाटेच कासला निघून जातात.

आणि ट्रेकला येणाऱ्यांना निघण्याआधीच एक निरोप द्या. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात आणणं गुन्हा आहे आणि त्यासाठी विमानतळावर पर्यटकांना अटक झालेली आहे. ड्रोन आणि ई-सिगारेटही घरीच ठेवायला सांगा.