स्टील गिटारच्या ॲम्पसाठी स्पीकर: ओळखायचा कसा, निवडायचा कसा

‘गिटारचा चांगला स्पीकर घ्या’ हा सल्ला पेडल स्टील (आडवी ठेवून, तारांवर सळई सरकवून आणि पायाच्या पेडलांनी सूर बदलून वाजवायची गिटार) वाजवणाऱ्याच्या काही कामाचा नाही. इलेक्ट्रिक गिटारवाल्याला जोर लावल्यावर किंचित फाटणारा आवाज हवा असतो, म्हणून तो पंचवीस-तीस वॅटचा, हलक्या कोनचा (आवाज काढणाऱ्या कागदी पडद्याचा) स्पीकर मुद्दाम शोधतो. स्टीलला याच्या नेमके उलटे लागते. सी-६ नेकची (नेक म्हणजे तारांचा एक संच; सी-६ आणि ई-९ ही त्यांच्या जुळवणीची नावे) दहावी तार ६५ हर्ट्झवर बोलते, म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेच्याही (८२ हर्ट्झ) खाली. ई-९ नेकची तिसरी तार चोविसाव्या खुणेवर (फ्रेटवर) १६६० हर्ट्झपर्यंत चढते, आणि तिचे उपस्वर त्याच्याही बरेच वर जातात. त्यात व्हॉल्यूम पेडल. तार छेडताना पेडल अर्धवट मिटलेले असते आणि सूर विरू लागला की ते हळूहळू उघडत जायचे. त्यामुळे ॲम्प आणि स्पीकर, दोघांकडेही भरपूर ताकद शिल्लक असावी लागते. ती नसेल तर लांबवलेला सूर मध्येच घोगरा होतो.

पहिले काम एका मिनिटाचे आहे. ॲम्पच्या पाठीवर किती ओहमला किती वॅट लिहिलेत ते कागदावर उतरवा.

हातात जुना स्पीकर असेल तर

जेन्सन, ऑक्सफर्ड, सीटीएस, युटा, एमिनन्स अशा अमेरिकी कारखान्यांच्या जुन्या स्पीकरच्या फ्रेमवर किंवा मॅग्नेटच्या टोपीवर शिक्का असतो. पहिले आकडे कारखान्याचे: २२० म्हणजे जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, १३७ सीटीएस, ३२८ युटा, ६७ एमिनन्स. पुढचे आकडे वर्ष आणि आठवड्याचे. १३७-७३१८ म्हणजे सीटीएसने १९७३च्या अठराव्या आठवड्यात केलेला माल. पुढे तीनच आकडे असतील तर वर्षाचा एकच आकडा मिळतो आणि दशक ॲम्पच्या वयावरून ठरवावे लागते. एवढे जमले की स्पीकर ॲम्पबरोबरचा मूळचा आहे की नंतर बसवलेला, ते कळते. तो स्टीलला चालेल का, हे मात्र या शिक्क्यावरून कळत नाही.

स्टीलवाले ज्यांच्या मागे असतात ते जेबीएल कंपनीचे स्पीकर आणि पीव्ही कंपनीचे ‘ब्लॅक विडो’ मॉडेलच्या नावानेच ओळखायचे. जेबीएलचे डी-१३०एफ, के-१३०, ई-१३० हे पंधरा इंची, आणि डी-१२०एफ, के-१२०, ई-१२० हे बारा इंची. डी-१३०एफ आणि के-१३० अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या) मॅग्नेटचे, ई-१३० फेराइटचा. पीव्हीच्या सेशन आणि नॅशव्हिल मालिकेतल्या पंधरा इंची ॲम्पमध्ये बहुतेक ठिकाणी ब्लॅक विडो १५०१-४ सापडतो. शेवटचा ४ हा ओहमचा आकडा.

आता खरी मेख. लेबल मॅग्नेटला चिकटवलेले असते आणि आवाज कोनमधून येतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या स्पीकरचा कोन आणि त्याला जोडलेली तारेची कॉइल कधीतरी बदललेली असण्याची शक्यता दाट आहे. ब्लॅक विडोमध्ये तर ही अदलाबदल मुद्दाम सोपी केली आहे. मागचे बोल्ट काढले की कोनसकट अख्खी बास्केट (धातूची चौकट) मॅग्नेटवरून सुटते आणि दुसरी बसते. म्हणून ‘१५०१’ लिहिलेल्या मॅग्नेटवर बेससाठीच्या १५०२ची बास्केट निघाली तर आश्चर्य वाटायला नको. जेबीएलच्या जुन्या फ्रेमवरही रिपेअरवाल्याच्या हाताशी जो संच होता तोच बसवलेला असू शकतो.

म्हणून लेबलाआधी कोनच्या मधली टोपी पाहा. १३० आणि १२० मालिकेत, तसेच १५०१मध्ये ती ॲल्युमिनियमची, चकचकीत घुमट असते. १४० ही बेसची मालिका, तिच्यात टोपी कागदाची. ॲल्युमिनियमचा घुमट वरच्या सुरांना धार देतो. तो नसेल तर ई-९च्या पंधराव्या खुणेनंतरचे सूर कांबळे पांघरल्यासारखे ऐकू येतात आणि ट्रेबलचे बटण कितीही पिळले तरी सुधारत नाहीत. चेपलेला घुमट दिसायला वाईट, पण वाजायला बहुधा ठीक असतो. तो भाव पाडून घ्यायला कारण म्हणून वापरा, नाकारायला नको.

नंतर दोन्ही हातांची बोटे पसरून कोन चारी बाजूंनी सारखा आत ढकला. कागद घासल्यासारखी खरखर आली तर कॉइल मॅग्नेटच्या गॅपमध्ये रुतते आहे. ‘वाजवून वाजवून सैल होईल’ असे विकणारा सांगतो, पण घासणारी कॉइल जळते. असा स्पीकर कोन बदलण्याचा खर्च धरूनच घ्यावा. अल्निकोत आणखी एक दोष असतो. कॉइल धड, कोन धड, तरी आवाज लहान आणि पोकळ आला तर मॅग्नेट उतरलेला असू शकतो. तो पुन्हा भारून मिळतो, पण त्याचे यंत्र असलेली दुकाने थोडी आहेत.

ओहम: इथेच सगळे घसरतात

मल्टीमीटरवर ६ दिसले म्हणून ‘हा ६ ओहमचा स्पीकर’ असे जाहिरातीत लिहिणारे खूप आहेत. मीटर तारेचा डीसी रोध दाखवतो. स्पीकरवर लिहिलेला आकडा एसीचा, आणि तो डीसीपेक्षा नेहमी मोठा असतो. ३ ते ३.५ दिसले तर स्पीकर ४ ओहमचा. ५.५ ते ७ म्हणजे ८ ओहमचा. ११ ते १३ म्हणजे १६चा. मोजण्याआधी ॲम्पकडून येणारी एक वायर काढाच, नाहीतर ट्यूब ॲम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे मोजले जाईल आणि जवळपास शून्य दिसेल. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा आणि दिसेल तो आकडा वजा करा. स्वस्त मीटरच्या पिनांमध्येच ०.३-०.५ ओहम असतो, आणि ४ ओहमच्या स्पीकरला तेवढा फरक गोंधळात टाकतो.

जुळवणीचे नियम ट्रान्झिस्टरला वेगळे, ट्यूबला वेगळे. दोन्हींना एकच नियम सांगणाऱ्याचे पुढे ऐकू नका.

ट्रान्झिस्टर ॲम्पला पाठीवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली कधीही उतरायचे नाही, वर गेलेले चालते. ४ ओहमच्या जागी ८ ओहमचा स्पीकर लावला तर ॲम्पला इजा होत नाही, फक्त ताकद साधारण निम्मी होते. लोक इथेच ‘अर्धे वॅट गेले’ म्हणून घाबरतात. निम्मे वॅट म्हणजे ३ डेसिबल. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर मिळणारा आवाज, बघितल्याशिवाय या ३ डेसिबलचे रडगाणे गाऊ नये. ई-१३०चा हा आकडा १०५ डेसिबल आहे. बाजारातला सामान्य पंधरा इंची पीए वूफर (कार्यक्रमांच्या लाउडस्पीकर यंत्रणेतला खालच्या सुरांचा स्पीकर) ९६-९८च्या घरात असतो. तेव्हा ८ ओहमचा ई-१३० निम्म्या वॅटमध्येही ४ ओहमच्या वूफरला सहज मागे टाकतो. जास्तीचा स्पीकर जोडताना मात्र जपा: ४ आणि ४ समांतर जोडले की २ होतात. पाठीवर २ लिहिले नसेल तर जोडू नका.

ट्यूब ॲम्पमध्ये ट्रान्सफॉर्मरचा आकडा गाठायचा. फेंडर ट्विन रिव्हर्बमध्ये ८ ओहमचे दोन बारा इंची समांतर असतात, एकूण ४. त्यांतला एक काढून ‘वजन कमी केले’ तर ॲम्पला ८ ओहम दिसतात. फेंडरचे ट्रान्सफॉर्मर एवढा फरक बहुधा सोसतात, पण सवय लावू नका. स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प वाजवणे म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळण्याचा धोका.

ध्रुवता दीड व्होल्टच्या सेलने क्षणभर टेकवून पाहा. बहुतेक स्पीकरमध्ये धन टोक लाल खुणेला लावले की कोन बाहेर येतो. जुन्या जेबीएलमध्ये तो आत जातो. एकटाच स्पीकर असेल तर फरक पडत नाही. पण एका कॅबिनेटमध्ये जेबीएलच्या शेजारी दुसरा बसवून रंगाला रंग जोडलात, तर खालचे सूर एकमेकांना खातात आणि दोष ॲम्पवर येतो.

निवड

दोनशे वॅटच्या ट्रान्झिस्टर ॲम्पला किमान तेवढ्याच वॅटचा, कागदी घड्यांच्या कडेचा, पंधरा इंची स्पीकर. पेडल स्टीलसाठीच बनवलेला एमिनन्सचा ईपीएस-१५सी हा सरळ पर्याय. वजन झेपत नसेल तर निओडिमियम मॅग्नेटचा सेलेस्टियन बीएन१५-३०० घ्या, वजन जवळपास निम्म्यावर येते. डी-१३०एफ कितीही गोड असला तरी दोनशे वॅटवर त्याला जुंपू नका, ट्यूबसाठी ठेवा.

रबर किंवा फोमच्या मऊ कडेचे बेस आणि पीए वूफर टाळा. स्टीलचे बहुतेक कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) पाठीमागे उघडे असतात. मऊ कडेच्या कोनला मागून हवेचा आधार लागतो, तो इथे मिळत नाही आणि कॉइल तळाला आपटते. शिवाय वरचे सूर हॉर्न या वेगळ्या भागाकडे जातील, असे धरूनच ते बनवलेले असतात. त्यावर उपाय म्हणून ट्वीटर लावू नका, सळईची खरखर आणि नख्यांची टकटक तेवढी वाढेल.

आपल्याकडची हवाईयन गिटार, म्हणजे व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवली ती, एवढे काही मागत नाही. त्या वाजवणाऱ्याने तीस-पन्नास वॅटच्या ॲम्पमध्ये चांगला बारा इंची बसवावा आणि पंधरा इंचीचे ओझे वाहू नये.

बसवणे आणि ऐकणे

विकत घेण्याआधी बोल्टच्या भोकांचे अंतर आणि मॅग्नेटची खोली मोजा. मोठा मॅग्नेट ट्रान्सफॉर्मरला भिडू शकतो. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, एकाच बाजूने आवळले तर फ्रेम पिळवटते.

ऐकताना आधी सी-६ची दहावी तार पेडल पूर्ण उघडून, मग ई-९च्या तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या तारा पंधराव्या खुणेच्या वर. आवाज नाकातून आल्यासारखा वाटला तर लगेच स्पीकर काढायला घेऊ नका. ॲम्पच्या मिडचे (मधल्या सुरांचे) शिफ्ट बटण ८०० हर्ट्झच्या आसपास आणून मिड बराच खाली घ्या आणि पुन्हा ऐका.