हॉटेल लाइनमध्ये काम शोधताय? आधी मंगळवार-बुधवार बघा

साताऱ्यातल्या पोरांनो, धंद्याला तेजी आलीय का हे वीकेंडच्या गर्दीवरून ठरवू नका, शनिवारी महाबळेश्वर-पाचगणी भरतंच, पण मंगळवार-बुधवारीही रूमा भरायला लागल्या, बंद हॉटेलला रंग लागला, गाडीमालक ड्रायव्हर शोधत फिरायला लागले की समजा माणसं लागणारेत. कास पठाराच्या फुलांची गर्दी साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे त्याआधी जुलैतच हॉटेलात जाऊन भेटा. दुपारी ३ ते ५ ला जा, जेवणाची गर्दी ओसरल्यावर मॅनेजर नीट बोलतो. कोयनेच्या जलाशयाकाठच्या तापोळा, बामणोलीच्या छोट्या होमस्टेतपण विचारा, तिथं स्वयंपाक, बुकिंग, बोट सगळंच शिकायला मिळतं. आणि पगाराची तारीख, राहणं-जेवण आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, माझा एका ठिकाणी महिन्याचा पगार बुडालाय म्हणून कळकळीनं सांगतोय.