लॅव्हेंडरचा फुलोरा सरला, आता छाटणी लांबवू नका

फुलं कापून झाली की लॅव्हेंडरकडे वर्षभर कुणी वळून बघत नाही. छाटणी राहते, आणि दोन-तीन वर्षांत झुडूप मधोमध फाकून बुंध्याशी नुसतं लाकूड उरतं.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, लावण्याआधी एक फांदी हातात धरून वरून खाली नीट बघा. वर तुऱ्याचा दांडा, त्याखाली राखाडी-हिरवी पानं आणि तळाशी तपकिरी, खरबरीत जून लाकूड. काप पानांच्या भागातच घ्यायचा, लाकडाच्या वर दोन-तीन बोटं हिरवा भाग राखून. जून लाकडातून नवी फूट सहसा येत नाही. एवढं सांभाळून एक तृतीयांश वाढ खुशाल काढा. जिथे कडक थंडी पडते तिथे हे काम लवकर उरका, कोवळी फूट गारठ्यात सापडायला नको.

कापणीच बाकी असेल तर माल कशासाठी हवा ते आधी ठरवा. वाळवलेल्या जुड्यांसाठी तुऱ्यातली पहिली काही फुलं उमलताच, दव उडाल्यावर कापा आणि सावलीत उलट्या टांगा. तेलासाठी निम्मी फुलं कोमेजेपर्यंत थांबा. अत्तर-साबणाला लागणारा मऊ सुवास लॅव्हांड्युला अँगस्टिफोलिया याच जातीचा, कारण तिच्यात कापराचा अंश कमी. संकरित लॅव्हँडिन तेल जास्त देतं, पण वास उग्र. त्याला बी धरत नाही, म्हणून त्याचं बी कुणी देऊ केलं तर घेऊ नका.

पाण्याचं मात्र मनापासून सांगतो. अँगस्टिफोलिया ही जात स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटलीच्या चुनखडीच्या खडकाळ, कोरड्या डोंगरउतारांवरची. ताण ती सोसते, तुंबलेलं पाणी सोसत नाही. फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जंतूनं मुळं कुजली की झाड तहानल्यासारखं माना टाकतं. आपण आणखी पाणी देतो आणि ते हातचं जातं. मलूल झाड दिसलं की आधी बोटभर माती उकरा. ओल लागली तर पाणी बंद. भारी जमिनीत लागवड उंच गादीवाफ्यावरच करा, मातीचा सामू (pH) ६.५ ते ७.५ असावा. नत्र बेतानं द्या, नाहीतर पाला माजतो आणि तुरे विरळ होतात.

छाटणीत निघालेल्या, तुरा नसलेल्या ८-१० सेंटिमीटरच्या काड्या फेकू नका. खालची पानं काढून वाळूमिश्रित मातीत लावा, मातृझाडासारखीच रोपं मिळतील. पहिल्या वर्षी त्यांना आलेले तुरे खुडून टाका. जीव होत नाही, पण त्यानंच झुडूप भरतं.