कोकणातील रस्त्यांसाठी परवडणारी अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल कशी निवडावी

अ‍ॅडव्हेंचर प्रकारची, म्हणजे डांबरी आणि खडबडीत कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी बनवलेली मोटारसायकल घ्यायचे मनात आले की बहुतेकांची चौकशी लडाखपासून सुरू होते. कोकणात राहणाऱ्याने ती घराच्या बेड्यापासून, म्हणजे फाटकापासून सुरू करावी. अंगणातून डांबरी सडकेपर्यंतचा जो पट्टा असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मधून जेमतेम एक जीप जाईल एवढी वाट, पावसाळ्यात शेवाळलेला चढ आणि वाटेत एखादा साकव, तो रोज दोनदा पार करावा लागतो. गाडी पेलत नाही हे बहुधा तिथेच कळते. म्हणून वर्षातून एकदा होणाऱ्या लांबच्या सहलीपेक्षा रोजच्या वाटेवरील सर्वांत वाईट शंभर मीटरांना प्रमाण मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्याच धोरणाने केल्या आहेत.

मध्यम वजनाची गाडी म्हणून युरोप-अमेरिकेत साधारण ६५० ते ९०० सीसी इंजिनक्षमतेच्या मोटारसायकली ओळखल्या जातात. त्यातील सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम ८०० डीई या गाडीची किंमत आपल्याकडे दहा लाखांच्या पुढे जाते, त्यामुळे परवडण्याच्या गोष्टी करताना तो वर्ग बाजूला ठेवलेला बरा. भारतात हे स्थान २०० ते ४५० सीसीच्या गाड्यांनी घेतले आहे. हिरोची एक्सपल्स, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, येझदी अ‍ॅडव्हेंचर, केटीएमच्या २५० व ३९० अ‍ॅडव्हेंचर आणि रॉयल एनफील्डची हिमालयन ही त्यातील ओळखीची नावे आहेत.

पायरी १ : आपला रस्ता कागदावर मांडावा

शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी मागील वर्षभरात आपण खरोखर कुठे आणि कसे फिरलो ते लिहून काढावे. रोजचे अंतर किती, त्यात कच्चा रस्ता किती, मागे कोण बसते, सामान काय असते, महिन्यातून किती वेळा घाट चढावा लागतो, हे प्रश्न पुरेसे आहेत. आंबा, कुंभार्ली किंवा आंबोली घाटातून नियमित वर जाणारा माणूस आणि सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या बागेत खते नेणारा माणूस यांच्या गरजा एकसारख्या नसतात. पहिल्याला दोघांचे वजन घेऊन तिसऱ्या गिअरवर न कुरकुरता चढणारे इंजिन लागते, तर दुसऱ्याला कातळावरच्या सुट्या जांभ्या खड्यांवर सावरता येईल अशी हलकी गाडी लागते. कोरड्या दिवसांत हे खडे चाकाखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात आणि तिथे घोडाशक्तीचा काहीही उपयोग होत नाही.

पायरी २ : उंची आणि वजन अंगावर घेऊन पाहावे

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, कारण खरेदीनंतरचा पस्तावा बहुतेक वेळा इथूनच उगवतो. या वर्गातील गाड्यांच्या सीटची उंची सामान्यतः ८०० ते ८३५ मिलिमीटर असते. जुन्या ४११ सीसी हिमालयनची सीट ८०० मिलिमीटरवर होती. ४५० सीसी हिमालयनची ८२५ असून ती वर-खाली करता येते. व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५ आहे. हे आकडे पाहून निर्णय घेऊ नये. सीट पुढच्या बाजूला किती अरुंद आहे यावर पाय जमिनीला कसे लागतात ते अवलंबून असते, आणि बसल्यावर सस्पेन्शन किती दबते हा भाग आकड्यांत दिसतच नाही. पावसाळ्यात वापरायचे बूट किंवा सँडल घालूनच गाडीवर बसावे. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकत असतील तर पुरेसे आहे. टाचा टेकल्याच पाहिजेत असा आग्रह नको.

वजनाचा मुद्दा उंचीला चिकटूनच येतो. इंधनासह एक्सपल्स २०० चे वजन १६० किलोच्या किंचित आत, व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे १६७ किलो आणि ४५० सीसी हिमालयनचे १९६ किलो आहे. हा तीस-पस्तीस किलोंचा फरक चालत्या गाडीवर फारसा जाणवत नाही. तो जाणवतो गाडी थांबलेली असताना, उतारावर आणि अडचणीत. दाभोळ–धोपावे किंवा वेश्वी–बागमांडला फेरीबोटीवर गाडी चढवताना काय होते ते पाहा. भरती असेल तर धक्क्याचा उतार सौम्य असतो, पण ओहोटीला तोच उतार लांब होतो आणि त्याच्या खालच्या भागावर हिरवट बुळबुळीत थर असतो. त्यापुढे फेरीचा ओला लोखंडी रॅम्प येतो. आत गेल्यावर फेरीवरचा माणूस हाताने खूण करून दोन मोटारींच्या मधल्या फटीत गाडी वळवायला सांगतो, मागून जीपचा हॉर्न वाजत असतो, आणि त्या क्षणी चालकाचा एक पाय तिरप्या लोखंडावर आधार शोधत असतो. तिथे १६० किलो आणि १९६ किलो यांतला फरक पुस्तकी राहत नाही.

म्हणून टेस्ट राईड म्हणजे हायवेवर एक फेरी मारून येणे असे समजू नये. इंजिन बंद ठेवून गाडी मागे ढकलून पाहावी, हँडल पूर्ण वळवून चालण्याच्या वेगाने अरुंद जागेत उलटे वळावे, चढावर थांबून पुन्हा निघावे. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर उभे राहून हँडल सहज हाती येते का, की कंबरेतून वाकावे लागते, हेही तपासावे. मागे नेहमी बसणाऱ्या व्यक्तीला सोबत न्यावे. साडी नेसून किंवा वयामुळे या उंच सीटवर चढणे अवघड जात असेल तर गाडी वर्षभर एकट्याचीच राहते.

पायरी ३ : ३५० सीसीची रेघ लक्षात ठेवून हिशेब करावा

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तर ३५० सीसीच्या वरील गाड्यांवर पूर्वीचे २८ टक्के आणि ३ टक्के उपकर जाऊन सरसकट ४० टक्के कर लागू झाला. त्यामुळे एक्सपल्स, व्ही-स्ट्रॉम एसएक्स, केटीएम २५० आणि ३३४ सीसीची येझदी रेघेच्या अलीकडे राहिल्या, तर ४५२ सीसीची हिमालयन आणि ३९९ सीसीची केटीएम ३९० पलीकडे गेल्या.

हीच रेघ विम्यातही आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीसाठी तो कर वगळून ७,३६५ रुपये आणि ३५० सीसीच्या वर १५,११७ रुपये होता. परिवहन विभागाचा कर एक्स-शोरूम, म्हणजे नोंदणी व विम्याआधीच्या किमतीवर टक्क्यांनी लागत असल्याने तोही किमतीबरोबर वाढतो. तेव्हा तुलना नेहमी ऑन रोड आकड्यांची, म्हणजे हे सर्व खर्च धरून होणाऱ्या किमतीची करावी, आणि त्यात हेल्मेट, रेनकोट, क्रॅश गार्ड व सामानाचा रॅक धरावा. या जोडसाहित्याचा खर्च पाहून पुष्कळांचे डोळे उघडतात. मोठ्या गाडीसाठी ठेवलेले पैसे लहान गाडी, उत्तम साहित्य आणि दोन वर्षांचे पेट्रोल यांत विभागले तर फिरणे अधिक होते. पण हा ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न आहे.

पायरी ४ : इंजिनाचा आकडा वाचताना आरपीएमही वाचावा

कमाल शक्ती (ती पीएसमध्ये मोजतात) किती यापेक्षा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, मिनिटाला किती फेऱ्यांवर (आरपीएम) मिळतो ते घाटात महत्त्वाचे ठरते. जुन्या हिमालयनचे इंजिन २४ पीएसच्या आसपासचे, म्हणजे कागदावर दुबळे. पण तिचा ३२ न्यूटन-मीटर टॉर्क चार ते साडेचार हजार फेऱ्यांतच हाती येत असे, आणि म्हणून ती ओझे घेऊन निवांत चढत असे. ४५० सीसी हिमालयन ४० पीएस देते व तिचा ४० न्यूटन-मीटर टॉर्क ५,५०० फेऱ्यांवर येतो. २०२५ ची ३९० अ‍ॅडव्हेंचर ४६ पीएसची असून तिचा ३९ न्यूटन-मीटर टॉर्क ६,५०० फेऱ्यांवर आहे, म्हणजे तिला जागते ठेवण्यासाठी गिअर अधिक बदलावे लागतात. मुंबई–गोवा महामार्गावर वारंवार लांब जाणाऱ्याला अशी गाडी आवडेल. गुहागर ते चिपळूण हे सुमारे ४५ किलोमीटरचे वळणावळणाचे अंतर कापणाऱ्याला २५ पीएसही पुष्कळ होतात.

पायरी ५ : चाके आणि पंक्चर यांचा विचार एकत्र करावा

पुढचे चाक २१ इंचांचे असेल तर ते खड्ड्याच्या काठावरून आणि दगडांवरून सहज चढते, मात्र घाटातल्या वळणांवर गाडी झुकवायला थोडा जास्त जोर लागतो. एक्सपल्स आणि हिमालयन या गटातल्या आहेत. व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे १९ इंची चाक डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर समजूतदारपणे वागते. तारांची चाके मार बसला तरी सहसा तडकत नाहीत, पण त्यांत बहुधा ट्यूब असते, आणि भर पावसात घाटात चाक उतरवून ट्यूब काढणे हे एकट्याचे काम नव्हे. अलॉय चाकाच्या ट्यूबलेस टायरला बसल्या जागी रबराची वात घालून पंक्चर बुजवता येते. हिमालयनला २०२४ पासून तारांची ट्यूबलेस चाके मिळू लागली. ती जादा पैसे मोजण्यासारखी आहेत. ज्याचा कच्चा रस्ता चार-पाच किलोमीटरपलीकडे जात नाही त्याने निःशंक १९ इंची अलॉय घ्यावे. मोठ्या गुठळ्यांचे टायर मात्र टाळावेत, कारण ओल्या काँक्रीटवर ते घसरतात.

पायरी ६ : खारा वारा आणि गॅरेज

समुद्रापासून जवळ राहणाऱ्याच्या गाडीला गंज चढणारच. तारांची टोके, चेन, सायलेन्सरचे जोड आणि उघडे स्क्रू यांवर तो आधी दिसतो. शोरूममधल्या चकचकीत गाडीपेक्षा त्याच गावातली दोन पावसाळे काढलेली तशीच गाडी शोधून तिची खालची बाजू पाहावी. त्यातून कंपनीच्या रंगकामाची खरी परीक्षा होते. वाळूत गाडी घालून फोटो काढण्याचा मोह टाळावा. गाडीचे नुकसान होतेच, शिवाय वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी असतात.

सर्व्हिस सेंटर किती दूर आहे हा प्रश्न शेवटी विचारला जातो, तो पहिल्या तिनांत असायला हवा. गावातला मिस्त्री केबल, चेन, ब्रेक पॅड आणि पंक्चर सांभाळतो, पण फ्युएल इंजेक्शनचा दोष वाचायला कंपनीचे यंत्र लागते. देवगडहून कणकवलीला किंवा दापोलीहून खेडला प्रत्येक सर्व्हिसिंगसाठी दिवस मोडणार असेल तर तोही खर्च धरावा. काउंटरवर जाऊन क्लच लिव्हर, पुढची रिम, इंडिकेटर आणि रेडिएटर यांच्या किमती विचाराव्यात आणि ते किती दिवसांत येतात तेही विचारावे. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर काय समजायचे ते समजावे.

पायरी ७ : जुनी गाडी घेताना

बजेट कमी असेल तर ४११ सीसी हिमालयन किंवा एक्सपल्स २०० वापरलेल्या स्थितीत घेणे हा शहाणपणाचा व्यवहार ठरू शकतो. मात्र चिपळूण आणि महाड परिसरातील गाडी असेल तर जुलै २०२१ च्या महापुरात ती कुठे होती हे विचारावे, आणि उत्तरावर न विसंबता पाहावे. एअर फिल्टरचा डबा उघडून कोपऱ्यांत वाळलेला बारीक गाळ आहे का, सीटखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट-पांढरा थर आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ उमटली आहे का, याची खात्री करावी. वरून धुऊन पॉलिश केलेली गाडी या तीन जागी सहसा लपवता येत नाही. त्यानंतर पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवावे. मध्यभागी खाच अडकल्यासारखे वाटले तर बेअरिंग गेलेले असते. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नळ्यांवर तेलाचे वलय आणि रिमच्या कडेला चेप दिसले तर किंमत त्या प्रमाणात उतरवावी.

सिंधुदुर्गात गोव्याच्या नंबरच्या गाड्या स्वस्तात मिळतात असे ऐकू येते. तशी गाडी घ्यायची तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय व्यवहार करू नये. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी महाराष्ट्रात ठेवायची असेल तर इथला नंबर घेऊन इथला कर भरावा लागतो, तो सौद्यात धरावा. नोंदणी पुस्तकावर कर्जाची नोंद असेल तर बँकेचे फॉर्म ३५ आणि ना हरकत पत्र मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरणाच्या फॉर्म २९ व ३० वर विक्रेत्याच्या सह्या मात्र पहिल्याच दिवशी घेऊन ठेवाव्यात.