चाक अडतंय? मोटर बदलण्याआधी कंट्रोलर तपासा

इलेक्ट्रिक स्कूटरचं चाक बंद गाडीतही अडतअडत फिरत असेल, तर लगेच मोटरला दोष देऊ नका. आधी एमसीबी (बॅटरीची वीज तोडणारा स्विच) पाडा, कारण अलार्मचा लॉकही चाक धरून ठेवतो. मग कंट्रोलरकडून (मोटरला वीज देणारा डबा) मोटरकडे जाणाऱ्या पिवळी, हिरवी, निळी या तीन जाड फेज वायरी सोडवा. टोकं एकमेकांना लागू देऊ नका. चाक मोकळं झालं, तर बहुधा कंट्रोलरमधला मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट आहे. जडच राहिलं, तर मोटरचं वाइंडिंग किंवा बेअरिंग बघा.

खात्रीसाठी बॅटरी पूर्ण काढा. तरी कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) चार्ज उरतो. तो मी १०० वॅटचा घरगुती, तारेचा (एलईडी नव्हे) बल्ब लावून उतरवतो. ठिणगी पाडून उतरवणं मला अजिबात पटत नाही.

मल्टिमीटर डायोडवर ठेवा. लाल प्रोब कंट्रोलरच्या बॅटरी-मायनस वायरीला, काळा कंट्रोलरच्या एकेका फेज वायरीला: तिन्हीकडे साधारण ०.४ ते ०.६ यावं. नंतर लाल फेजला, काळा प्लसला; तिथेही तेवढंच यावं. परवा एका गाडीत पिवळी-निळीवर ०.४८ आलं, हिरवीवर ०.०० आणि बीप, म्हणजे शॉर्ट. कंट्रोलर उघडला, तर हिरव्या फेजच्याच मॉसफेटच्या पायाशी बोर्ड काळा पडलेला.

इलेक्ट्रिक कारच्या इन्व्हर्टरमध्ये (कारमधला मोटरचा कंट्रोलर) शेकडो व्होल्ट असतात, तिथे असा हात घालू नका.