चार जीबीतली पाऊण जीबी गेली कुठे?

म्हापशाच्या भाचीने जुन्या डेस्कटॉपमध्ये ४ जीबी रॅम बसवून घेतली, तर विंडोज ७ 'वापरण्याजोगी ३.२५ जीबी' दाखवू लागले. दुकानदाराने फसवले म्हणून ती भांडायला निघाली होती. थांबवली.

३२-बिट विंडोजकडे मेमरीतल्या जागांना द्यायला एकूण ४ जीबीपुरतेच पत्ते असतात. फोंड्यातल्या वाड्यावर घरक्रमांक ठरावीक आहेत असे समजा. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीला (निदान तिच्या एका भागाला) आणि इतर उपकरणांना त्यातलेच क्रमांक द्यावे लागतात. तेवढी रॅम जागेवर असूनही बिनपत्त्याची राहते. कार्ड बदलले की हा आकडाही बदलू शकतो.

मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सची गोष्ट वेगळी. ते खरोखरच रॅम खाते. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) त्याचा वाटा २५६ एमबी असेल तर ६४ करून पाहा. नुसते टायपिंग नि ईमेल असेल तर फरक जाणवणार नाही.

पत्ते अपुरे पडण्याच्या पहिल्या दुखण्यावर इलाज ६४-बिट विंडोज, सोबत बायोसमध्ये 'मेमरी रीमॅप' (बिनपत्त्याच्या रॅमला ४ जीबीपलीकडचे पत्ते देणे) चालू. पण इंटेल ९४५ चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा संच) बोर्डांवर रीमॅप नाहीच, तिथे ६४-बिट घालूनही उरलेली रॅम मिळत नाही. भाचीचा बोर्ड नेमका तोच निघाला.